एक नांव, अनेक दुखणीं

मनुष्याच्या शरीरांतील कांहीं अवयवांना प्रतिष्ठा लाभलेली आहे, आणि कांहींना ती कधींच लाभली नाहीं. डोकें दुखत असलें तर मनुष्य चारचौघांत कपाळाला सुंठ उगाळून लावतो. छातींत कळ आली तर सारें घर गोळा होतें. गुडघ्याच्या दुखण्यावर तर वृद्ध मंडळींची सबंध संध्याकाळ बोलण्यांत निघून जाते. परंतु शौचाच्या जागीं वेदना उठूं लागली म्हणजे हाच मनुष्य मुका होतो. तो बसण्याची बाजू बदलतो, जेवण कमी करतो, घरच्या माणसांवर निष्कारण चिडतो. पण काय होत आहे तें सांगत नाहीं. अखेर सांगण्याची पाळी आलीच, तर त्याच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडतो : मूळव्याध.

श्रोतेहो, हा शब्द मोठा सोयीचा आहे, आणि सोयीचा आहे म्हणूनच घातकहि आहे. रक्त पडलें तरी मूळव्याध, आग झाली तरी मूळव्याध, गळूं आलें तरी मूळव्याध, आणि पू वाहूं लागला तरी मूळव्याधच. वस्तुतः या एका नांवाच्या पांघरुणाखालीं निदान चार-पांच निरनिराळीं दुखणीं असतात. त्यांचीं कारणें निराळीं, त्यांच्या वेदनेची तऱ्हा निराळी, आणि एकाचा उपचार दुसऱ्याला लागू पडत नाहीं. हीं दुखणीं एकमेकांपासून वेगळीं कशीं काढलीं गेलीं, याचा इतिहास दोन हजार वर्षांहून अधिक जुना आहे. तो पाहतांना एक गोष्ट पुनःपुन्हां डोळ्यांत भरते. ज्या ज्या वेळीं वैद्यानें संकोच बाजूस ठेवून ती जागा डोळ्यांनीं पाहिली व बोटानें चाचपली, त्या त्या वेळीं ज्ञान पुढें गेलें. आणि ज्या ज्या वेळीं त्यानें रोग्याच्या अर्धवट सांगण्यावर भिस्त ठेवली, त्या त्या वेळीं रोग्याचा घात झाला.

आरंभ आपल्याच घरापासून करूं. सुश्रुतसंहितेंत बरे होण्यास अत्यंत कठीण अशा आठ महारोगांची यादी आहे. वातव्याधि, प्रमेह, कुष्ठ, मुतखडा, मूढगर्भ आणि उदर या भयंकर मंडळींच्या पंक्तीला सुश्रुतानें अर्श आणि भगंदर या दोघांना बसविलें आहे. अर्श म्हणजे आपली मूळव्याध. शत्रूसारखा छळतो म्हणून अर्श, अशी त्या नांवाची फोड केली जाते. भगंदर म्हणजे गुदाजवळ तोंड असलेली, आंतून पू आणणारी नाळ. म्हणजे हे दोन रोग एक नव्हेत, ही गोष्ट सुश्रुताला पूर्णपणें ठाऊक होती. भगंदराविषयीं तर त्यानें आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. तें दुखणें पिकण्यापूर्वीं पुळीच्या रूपांत असतें, आणि पिकून फुटलें म्हणजे त्याचा भगंदर होतो. गळूं आणि नाळ या एकाच दुखण्याच्या दोन अवस्था होत, हा सिद्धान्त आजचे शल्यवैद्यहि मानतात. भगंदराचे पांच प्रकार सांगतांना त्यानें जीं नांवें दिलीं, तींहि पाहणाऱ्या माणसाचीं आहेत. एक उंटाच्या मानेसारखा, म्हणून उष्ट्रग्रीव. एक शिंपल्याच्या वळणांसारखा, म्हणून शंबूकावर्त. अनेक छिद्रांतून पाझरणारा तो शतपोनक.

परंतु सुश्रुताचा खरा मोठेपणा त्याच्या अर्शोयंत्रांत आहे. हें यंत्र लोखंडाचें, हस्तिदंताचें, शिंगाचें किंवा लांकडाचें करावें. त्याचा आकार गाईच्या स्तनासारखा असावा. लांबी चार अंगुळें ठेवावी. आणि परीघ पुरुषांकरितां पांच अंगुळें व स्त्रियांकरितां सहा अंगुळें असावा, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. पाहण्यासाठीं दोन छिद्रांचें यंत्र घ्यावें, आणि उपचारासाठीं एकाच छिद्राचें. कारण एकच वाट असली म्हणजे शस्त्र, क्षार किंवा अग्नि भलत्या जागीं जात नाहीं. या वर्णनांत दोन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, औषधाच्या आधीं पाहणें आहे. दुसरी ही कीं, स्त्रियांसाठीं निराळें माप सांगितलें आहे. याचा अर्थ, स्त्रियांचें हें दुखणेंहि त्या काळीं वैद्यापुढें येत होतें. बाळंतपणानंतर होणारा हा त्रास वर्षानुवर्षें अंगावर काढणाऱ्या स्त्रिया आपल्या समाजांत थोड्याथोडक्या नाहींत, हें मनांत आणलें म्हणजे त्या जुन्या मापाचें मोल कळतें.

अर्शावर त्यानें चार उपाय सांगितले : औषध, क्षार, अग्नि आणि शस्त्र. पण कोणता उपाय कोणत्या मोडाला, हेंहि त्यानें ठरवून दिलें आहे. नवीन व सौम्य दुखण्याला औषध. मऊ, पसरलेल्या मोडांना क्षार. टणक, जाड मोडांना डाग. आणि बारीक देठाच्या मोडांना शस्त्र. चरकानें शस्त्राचा मार्ग न धरतां पथ्याला महत्त्व दिलें, आणि ताकाची मुक्तकंठानें प्रशंसा केली. सुरणाचें तर संस्कृत नांवच अर्शोघ्न आहे. मूळव्याधीला ताक आणि सुरण, ही जी आपल्या आजीबाईंची शिफारस, तिची वंशावळ अशी फार लांबची आहे. यांखेरीज परिकर्तिका या नांवाचें एक लक्षणहि आपल्या ग्रंथांत आढळतें. कात्रीनें कापल्यासारखी गुदस्थानीं होणारी वेदना, असा त्या शब्दाचा अर्थ. तीव्र रेचक किंवा बस्ति चुकीच्या रीतीनें दिल्यास ती उद्भवते, असें ग्रंथकार सांगतात. आज जिला आपण गुदाची चीर म्हणतों, तिच्याच वेदनेचें हें हुबेहुब चित्र आहे.

आतां भगंदराच्या एका उपचाराकडे वळूं, कारण तो एका वेळीं दोन देशांत आढळतो. नाळेंतून क्षार लावलेलें सूत्र ओवून ती हळूहळू कापून काढावी, ही युक्ति सुश्रुताच्या नाडीव्रणाच्या प्रकरणांत आहे. पुढें ११ व्या शतकांत चक्रपाणिदत्तानें त्या सूत्राला निवडुंगाचा चीक व हळद यांचीं पुटें द्यावीं असें सांगितलें. इकडे ग्रीस देशांत हिप्पोक्रेटिसच्या नांवानें चालत आलेल्या ग्रंथसमूहांत भगंदरावर एक स्वतंत्र पुस्तिका आहे. तिच्यांत जवसाच्या कच्च्या धाग्याला घोड्याचा केस गुंडाळून तो नाळेंतून ओवावा, त्याची गांठ मारावी, आणि धागा सैल होईल तसतशी ती आवळीत जावी, असें सांगितलें आहे. धागा कुजला तरी केस टिकतो, आणि त्याच्या आधारानें नवा धागा ओवतां येतो, एवढा बारीक विचार त्यांत आहे.

सरळ सुरी न चालवितां हा दोऱ्याचा लांबचा मार्ग कां पत्करावयाचा? याचें उत्तर त्या जागेच्या रचनेंत आहे. गुदद्वाराभोंवतीं स्नायूंचीं दोन कडीं असतात. आंतलें कडें आपल्या इच्छेबाहेर काम करतें व सदैव आवळलेलें राहतें. बाहेरचें कडें आपल्या इच्छेप्रमाणें आवळतें व सैल होतें. मलावर आपला जो ताबा असतो, तो मुख्यतः या दोन कड्यांच्या बळावर. भगंदराची नाळ पुष्कळदां याच कड्यांतून आरपार जाते. कडें एका घावासरशीं तोडलें, तर त्याचीं टोकें दूर सरकतात, आणि रोगी पुवापासून सुटून मलावरचा ताबा गमावून बसतो. दोरा मात्र थोडें थोडें कापतो, आणि मागची जखम भरून येत असतांना पुढचा भाग सुटतो. यामुळें टोकें जागच्या जागीं राहतात. वेदना दूर करावयाची, पण ताबा घालवावयाचा नाहीं, ही कसरत या शाखेच्या शल्यवैद्यांना तेव्हांपासून आजतागायत करावी लागत आहे.

या विद्येला युरोपांत मध्ययुगांत जो एक थोर पुरुष लाभला, तो इंग्लंडचा जॉन आर्डर्न. याचा जन्म इ. स. १३०७ चा. नेवार्क या गांवीं व पुढें लंडन येथें त्यानें शल्यकर्म केलें, आणि १३७६ मध्यें, म्हणजे सत्तरीच्या उंबरठ्यावर, भगंदरावर आपला ग्रंथ लिहिला. त्या काळीं भगंदर असाध्य समजून बहुतेक वैद्य त्याला हातच लावीत नसत. आर्डर्ननें नाळ उघडी करून कापली, जळजळीत मलमें टाळलीं, जखम स्वच्छ ठेवण्यावर भर दिला, आणि रोगी बरे करून दाखविले. हा मनुष्य व्यवहारालाहि पक्का होता. मोठ्या धनिकाकडून ४० पौंड, शिवाय वस्त्रें आणि तहहयात दरसाल १०० शिलिंग अशी त्याची मागणी असे. आणि १०० शिलिंगांच्या खालीं आपण जन्मांत कधीं उतरलों नाहीं, असें त्यानें स्वतः नमूद केलें आहे.

परंतु त्या ग्रंथांतील सर्वांत मोलाचा भाग भगंदराविषयींचा नाहीं. आर्डर्ननें तेथें गुदाच्या आंत वाढणाऱ्या एका कठीण गांठीचें वर्णन केलें आहे. ही गांठ फारशी दुखत नाहीं. म्हणून रोगी व अडाणी वैद्य दोघेहि फसतात, आणि आंव पडते आहे असें समजून भलतेंच औषध चालू ठेवतात. ओळखण्याचा उपाय एकच. बोट आंत घालावें. दगडासारखें कठीण कांहीं लागलें, तर ही तीच गांठ समजावी. हा रोग बरा झालेला आपण पाहिला नाहीं, हेंहि तो प्रामाणिकपणें सांगतो. आज आपण ज्याला गुदांत्राचा कर्करोग म्हणतों, त्याचें हें अत्यंत स्पष्ट असें जुनें वर्णन आहे. साडेसहाशें वर्षांपूर्वींच्या या परिच्छेदांत जें सांगितलें आहे, तें न ऐकल्यामुळें आजहि माणसें प्राणांस मुकतात. तिकडे मी शेवटीं पुन्हां वळणार आहें.

आर्डर्ननंतर तीनशें वर्षांनीं हें दुखणें एकदम राजसभेंत आलें. औरंगजेबानें विजापूर घेतलें त्याच वर्षींची, म्हणजे १६८६ सालची ही गोष्ट. फ्रान्सचा राजा चौदावा लुई या वेळीं ४८ व्या वर्षांत होता. वर्षाच्या आरंभीं त्याला गुदाजवळ एक गांठ जाणवली. तिचें गळूं झालें, गळवाचा भगंदर झाला. राजाला घोड्यावर बसवेना. दरबारांत तर्हेतर्हेचे मलमवाले व लेपवाले जमा झाले. बारेज येथील झऱ्याचें पाणी गुणकारी आहे असें कोणी सांगितलें, तेव्हां आधीं तोच रोग असलेल्या इतर माणसांना तेथें पाठवून अनुभव घेण्यांत आला. त्यांना गुण आला नाहीं. अखेरीस राजाचा शल्यवैद्य शार्ल-फ्रांस्वा फेलिक्स यानें शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. पण ती शस्त्रक्रिया त्यानें स्वतः कधीं केलेली नव्हती. पॅरिसच्या रुग्णालयांतील गोरगरिबांवर त्यानें कित्येक महिने हात बसवून घेतला, आणि या कामासाठीं लांब, वांकडें व टोकाशीं सळई असलेलें एक खास शस्त्र तयार करविलें. तें आजहि पॅरिसच्या वैद्यकीय इतिहासाच्या संग्रहालयांत ठेवलेलें आहे. राजाच्या सुखरूपतेची किंमत ज्या अनाम रोग्यांनीं आपल्या वेदनेनें भरली, त्यांचें शस्त्र मात्र कोठें नाहीं, आणि स्मारकहि नाहीं.

१८ नोव्हेंबर १६८६ रोजीं सकाळीं व्हर्साय येथें ही शस्त्रक्रिया झाली. गुंगीचें औषध तेव्हां नव्हतें. मादाम द मँतनाँ, मंत्री लुव्वा आणि राजाचा धर्मगुरु एवढीं मोजकीं माणसें वैद्यांबरोबर हजर होतीं. राजानें वेदना निमूटपणें सोसली, आणि त्याच दिवशीं मंत्र्यांची सभाहि घेतली. पुढें डिसेंबरांत पुन्हां कापाकापी करावी लागली. पण १६८७ च्या जानेवारीपर्यंत तो बरा झाला. फेलिक्सला अपार द्रव्य, जहागीर व सरदारकी मिळाली. राजा बरा झाल्याच्या आनंदाप्रीत्यर्थ जानेवारींत जें ईशस्तोत्र गाइलें गेलें, त्याच्या वेळीं संगीतकार लुली यानें ताल धरण्याची जड काठी स्वतःच्याच पायावर आपटून घेतली. ती जखम चिघळून तो मार्च महिन्यांत मरण पावला. राजा भगंदरांतून वांचला, आणि त्याचा आनंद गाणारा पायाच्या जखमेनें गेला.

या प्रसंगाचा परिणाम मोठा विलक्षण झाला. जें दुखणें लोक लपवीत, तें रातोरात मानाचें ठरलें. दिओनिस नांवाच्या तत्कालीन शल्यवैद्यानें लिहून ठेवलें आहे कीं, तीसहून अधिक सरदारांनीं आपल्यावरहि तीच शस्त्रक्रिया व्हावी असा हट्ट धरला. आणि तुम्हांला तिची गरज नाहीं असें सांगितल्यावर ते नाराज झाले! यांतील हास्यास्पद भाग सोडून द्या. परंतु लाज ही कांहीं त्या अवयवाची नैसर्गिक मालमत्ता नव्हे, ती माणसांनीं त्याला चिकटविलेली आहे, आणि एका राजानें ठरविलें तर ती एका सकाळींत गळून पडते, एवढें यांतून सिद्ध झालें. न्हाव्यांच्या बरोबरीचा समजला जाणारा शल्यवैद्य फ्रान्समध्यें मान मिळवूं लागला. १७३१ मध्यें पॅरिसला शल्यशास्त्राची परिषद निघाली, आणि १७४३ मध्यें राजाज्ञेनें शल्यवैद्य व न्हावी यांची फारकत झाली. याचें सारें श्रेय एका भगंदराला देणें अतिशयोक्तीचें होईल. पण त्याचा हातभार खासच लागला.

एवढें झालें तरी सर्वांत अधिक दुखणारें दुखणें अद्याप नीट ओळखलें गेलें नव्हतें. तें म्हणजे गुदद्वाराची चीर. ही चीर बहुधा अर्ध्या इंचाहूनहि लहान असते. पण शौचाच्या वेळीं कांच फिरल्यासारखी वेदना, आणि त्यानंतर तास तास चालणारी आग, अशी ती मनुष्याला जेर करते. एवढ्याशा जखमेला एवढी वेदना कां, आणि ती भरून कां येत नाहीं? नेपोलियनचा शल्यवैद्य आलेक्सी ब्वाये यानें १९ व्या शतकाच्या आरंभीं या प्रश्नावर बोट ठेवलें. दोष जखमेचा नसून तिच्यामागच्या स्नायूचा आहे. तो आकडी आल्याप्रमाणें आवळून बसतो, असें त्यानें प्रतिपादिलें, आणि तो स्नायु कापून रोग्यांना बरें केलें. पुढें कळून आलें तें असें : कठीण मळानें त्वचा फाटते, फाटल्यानें दुखतें, दुखण्यानें आंतलें कडें अधिक आवळतें, आवळल्यानें जखमेकडे येणारें रक्त कमी होतें, आणि रक्त कमी झाल्यानें जखम भरत नाहीं. शिवाय भीतीनें रोगी शौचास जाणें टाळतो, आणि मळ आणखी कठीण होतो. असें हें दुष्टचक्र आहे.

एकोणिसाव्या शतकांतील दुसरी महत्त्वाची घटना लंडनची आहे. १८३५ मध्यें फ्रेडरिक सामन या शल्यवैद्यानें आल्डर्सगेट रस्त्यावर केवळ या रोगांनीं पिडलेल्या गरिबांसाठीं एक रुग्णालय काढलें. त्यांत खाटा अवघ्या सात. १८५४ मध्यें तें सिटी रोडवरील नव्या जागेंत गेलें, आणि सेंट मार्क या संताच्या दिवशीं उघडलें म्हणून त्याला तेंच नांव मिळालें. पुढें जगांतील या शाखेचे शल्यवैद्य शिकण्यासाठीं तेथें येऊं लागले. कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यालाहि भगंदर झाला होता. १८४१ च्या ऑक्टोबरांत सामननेंच त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. ईथरची गुंगी देऊन केलेल्या शस्त्रक्रियेचें जाहीर प्रात्यक्षिक बोस्टन शहरीं १८४६ मध्यें झालें. म्हणजे लुईप्रमाणेंच डिकन्सनेंहि सर्व कांहीं जागेपणीं सोसलें. गुंगी आल्यावर मात्र शल्यवैद्याला घाई राहिली नाहीं. तो शांतपणें पाहूं लागला, आणि पाहूं लागल्यावर वेगळेपण दिसूं लागलें.

या पाहण्यांतून जी सर्वांत उपयुक्त गोष्ट निष्पन्न झाली, ती सामान्य माणसानेंहि जाणून घ्यावी अशी आहे. गुदमार्गाच्या आंत एक दंतुर रेषा असते. तिच्या वरचा भाग गर्भावस्थेंत आंतड्यापासून झालेला असतो, आणि खालचा बाहेरच्या त्वचेपासून. त्वचेच्या मज्जातंतूंना कापणें, टोचणें, जळणें सारें तीव्रतेनें कळतें. आंतड्याच्या भागाला तें कळत नाहीं. म्हणून रेषेच्या वर असलेली आंतली मूळव्याध रक्त पाडते, पण सहसा दुखत नाहीं. रेषेच्या खालची लहानशी चीर मात्र असह्य दुखते. बाहेरच्या शिरेंत रक्त गोठून निळसर गांठ झाली, तर तीहि एकाएकीं फार दुखते. गळूं ठसठसतें, दिवसेंदिवस वाढतें, आणि बरोबर ताप आणतें. भगंदर वाहत असतो तोंवर थोडा दुखतो, आणि तोंड बंद होऊन पू साचला म्हणजे फार दुखतो. आणि आंतल्या कर्करोगाला तर आरंभीं पुष्कळदां वेदनाच नसते. श्रोतेहो, या जागीं वेदना किती आहे यावरून धोका किती आहे हें ठरत नाहीं. जें फार दुखतें तें पुष्कळदां क्षुद्र असतें, आणि जें मुळींच दुखत नाहीं तें प्राणघातक असूं शकतें.

विसाव्या शतकानें एकेका दुखण्याचा निराळा निकाल लावला. १९३५ मध्यें डेन्मार्कच्या थायसेन या वैद्यानें एका विचित्र वेदनेला नांव दिलें. ही कळ बहुधा रात्रीं झोपेंतून उठविते, कांहीं सेकंद किंवा मिनिटें टिकते, आणि मागमूस न ठेवतां जाते. तपासलें तर जागेवर कांहींच आढळत नाहीं. ती स्नायूच्या आकस्मिक आवळण्यामुळें येते असें मानतात. ती घातक नाहीं, हें सांगणें हाच तिचा अर्धा उपचार आहे. १९३७ मध्यें सेंट मार्क रुग्णालयांतील मिलिगन व मॉर्गन यांनीं मूळव्याध कापून काढण्याची जी रीत प्रसिद्ध केली, ती जगभर रूढ झाली. १९६३ मध्यें बॅरन यानें मोडाच्या मुळाशीं रबराचें कडें चढवून तो गळून पाडण्याची सोपी युक्ति पुढें आणली. रेषेच्या वर वेदना नसते, हेंच तिचें रहस्य. १९७५ मध्यें थॉमसन यानें दाखवून दिलें कीं, गुदमार्गांत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येक निरोगी माणसाला असतातच; त्या कुंथण्यामुळें खालीं घसरल्या म्हणजे त्यांची मूळव्याध होते.

भगंदराचें मूळ पार्क्स यानें १९६१ मध्यें शोधलें. दोन कड्यांच्या मध्यें बारीक ग्रंथि असतात. त्यांपैकीं एखादींत जंतूंचा शिरकाव झाला म्हणजे गळूं होतें, आणि गळवाची नाळ होते. क्वचित् क्षयासारखा रोगहि मुळाशीं असतो. १९७६ मध्यें त्यानेंच कोणती नाळ कोणत्या कड्यांतून जाते यावरून भगंदराचे चार प्रकार पाडले. उंटाच्या मानेवरून व शिंपल्याच्या वळणावरून नांवें देणाऱ्या सुश्रुताचेंच हें काम पुढें चालू होतें. आणि तो जुना दोराहि विसरला गेला नव्हता. काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत १९६० नंतरच्या काळांत प्रा. देशपांडे यांनीं क्षारसूत्राला पुन्हां व्यवहारांत आणलें. पुढें भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें त्याची शस्त्रक्रियेशीं रीतसर तुलना करविली. तिचा निष्कर्ष १९९१ मध्यें प्रसिद्ध झाला. क्षारसूत्रानें बरें होण्यास सुमारे ८ आठवडे लागले, शस्त्रक्रियेनें ४. परंतु एका वर्षांत रोग उलटण्याचें प्रमाण क्षारसूत्रानंतर शेंकडा ४, तर शस्त्रक्रियेनंतर शेंकडा ११ आढळलें. जुनें म्हणून सोनें नव्हे, आणि जुनें म्हणून मातीहि नव्हे. कसोटीवर घासून पाहिल्यावर काय तें ठरतें.

चिरेच्या बाबतींत ब्वायेचा विचारच शुद्ध होत गेला. १९५१ मध्यें जोहान्सबर्गच्या आयझेनहॅमर यानें दोष आंतल्याच कड्याचा आहे असें ठरविलें. १९६९ मध्यें नोटारास यानें बाजूनें अगदीं लहान छेद घेऊन तें कडें थोडें सैल करण्याची रीत सांगितली. ती फार गुणकारी आहे. मात्र कांहीं रोग्यांचा वायूवरील ताबा तिनें उणावतो. म्हणून शस्त्रावांचून कडें सैल करतां येईल काय, असा शोध सुरू झाला, आणि उत्तर अनपेक्षित ठिकाणीं सांपडलें. सुरुंगाच्या दारूंत वापरलें जाणारें नायट्रोग्लिसरिन हें हृदयशूळावर १९ व्या शतकापासून औषध म्हणून देत असत. त्याचेंच सौम्य मलम चिरेवर लावलें असतां कडें सैल होतें व रक्ताचा ओघ वाढतो. १९९७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या नॉटिंगहॅमच्या पाहणींत ८ आठवड्यांनंतर या मलमानें शेंकडा ६८ रोगी बरे झाले, आणि साध्या मलमानें शेंकडा ८. पुढील पाहण्यांत एवढें यश दिसलें नाहीं, आणि डोकेदुखीचा उपद्रवहि आढळला. तरी शस्त्रक्रियेवांचून सुटका होऊं शकते, हें सिद्ध झालें.

या साऱ्या खटाटोपाच्या आधीं करावयाचा उपाय मात्र स्वयंपाकघरांतील आहे. आफ्रिकेंत युगांडांत काम केलेल्या डेनिस बर्किट या शल्यवैद्यानें १९७० च्या सुमारास कोंड्याचें व चोथ्याचें महत्त्व जगाला पटविण्याचा विडा उचलला. त्याचीं सर्वच अनुमानें टिकलीं नाहींत. परंतु चोथा, पुरेसें पाणी आणि कुंथत न बसण्याची संवय यांनीं मळ मऊ राहतो, ही गोष्ट निर्विवाद आहे. नव्या चिरेपैकीं बऱ्याचशा एवढ्यानें, आणि कोमट पाण्यांत दहा-पंधरा मिनिटें बसण्यानें, कांहीं आठवड्यांत भरून येतात. कोंड्यासकट भाकरी, पालेभाजी, डाळी, इसबगोल यांसाठीं कोणाच्या चिठ्ठीची जरूर नाहीं.

परंतु घरगुती उपायांनाहि मर्यादा आहे. ताप व ठसठसणारी गांठ असली, तर ती फुटण्याची वाट न पाहतां त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. पू वाहत असेल, तर लेपानें नाळ बंद होत नाहीं. भिंतीभिंतींवर रंगविलेल्या जाहिरातींतून एका दिवसांत मूळव्याध घालविण्याची हमी देणारे जे लोक असतात, ते बहुधा तपासल्यावांचूनच दाहक औषध टोंचतात किंवा लावतात. त्यानें जळलेलें कडें मागाहून कोणालाहि पूर्ववत् करतां येत नाहीं. क्षार सांगणाऱ्या सुश्रुतानें आधीं पाहण्याचें यंत्र सांगितलें होतें, हें अशा वेळीं आठवावें.

आणि आतां आर्डर्नच्या त्या कठीण गांठीकडे. शौचावाटे रक्त पडणें, शौचाची नेहमींची संवय बदलणें, पोट साफ न झाल्यासारखें सतत वाटणें, वजन उतरणें, अशक्तता येणें, यांपैकीं कांहींहि आढळलें, आणि विशेषतः वयाची चाळिशी उलटलेली असली, तर तें मूळव्याधीचें आहे असें आपणच ठरवून बसूं नये. मूळव्याध पूर्वींपासून असली तरीहि नाहीं. कारण एका माणसाला दोन रोग असूं शकतात. गुदांत्राचा कर्करोग आर्डर्नच्या काळीं असाध्य होता. आज तो लवकर सांपडला तर बरा होतो. आणि त्यांतील कित्येक गांठी वैद्याच्या बोटाला लागतील इतक्या जवळ असतात. त्या तपासणीला एक-दोन मिनिटें पुरतात. वडील माणसें संकोचानें बोलत नसतील, तर मुलांनीं विचारावें. सासूबाई किंवा सून बोलत नसेल, तर घरांतील दुसऱ्या स्त्रीनें विचारावें. आणि तपासल्यावांचून मूळव्याधीचें औषध लिहून देणाऱ्या वैद्याला रोग्यानें नम्रपणें पण स्पष्टपणें सांगावें कीं, महाराज, आधीं पाहा.